माझा पहिला वाफा



यंदा वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा फुलझाडं लावली. हसू नका. छत्तीस वर्षं हातात खडू धरला, त्याआधी पुस्तकं धरली, पण फावडं काही धरलं नव्हतं. आमच्या मातोश्रींच्या वेळी परसदारी अळू, केळ, तगर असं सगळं होतं, पण ते सगळं त्याच बघायच्या. मी फक्त पूजेला फुलं तोडून आणायचो, तीही कुरकुरत.

रानशेतच्या आमच्या घरापुढे बऱ्यापैकी अंगण आहे. मृगाचे दोन पाऊस पडून गेल्यावर मी मनाचा हिय्या केला आणि कुंपणालगत बारा फूट लांब, तीन फूट रुंद असा वाफा खणला. कडेने विटा तिरक्या रोवल्या, गेरू लावला, वर चुन्याचे पट्टे ओढले. लहानपणापासून ‘बाग’ म्हटली की डोळ्यासमोर हेच चित्र होतं. मुलाने रोपं आणून दिली : झेंडू, सदाफुली, निशिगंधाचे कंद, दोन कर्दळी. गुलबक्षीचं बी पुण्याच्या वहिनींनी पाकिटात घालून पाठवलं. सगळं लावून झाल्यावर खुर्ची टाकून बसलो आणि चहा मागवला. जग जिंकल्याचा आनंद झाला होता.

तो आनंद तीन आठवडे टिकला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. जुलैत चार दिवस झड लागली आणि वाफ्यात तळं साचलं. विटांच्या कडेने पाणी बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती! झेंडूची निम्मी रोपं मुळाशी कुजून आडवी झाली. उरलेल्यांत तण माजलं. उघडीप मिळाल्यावर मी गुडघ्याला फडकं बांधून बसलो आणि दोन तासांत सगळं तण उपटून कुंपणापलीकडे फेकलं.

तेवढ्यात शेजारच्या पाड्यावरची बाई रस्त्याने चालली होती. बाई म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. आता तिलाच नातवंडं आहेत. ती थांबली, फेकलेल्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाली, “गुरुजी, हा तर तेरडा. फुलं लावायची आहेत ना तुम्हाला? मग फुलंच कशाला उपटलीत?”

मी निरुत्तर. तेरडा मला माहीत होता, तो गौरीच्या वेळचा फुललेला. वितीएवढं रोप मी कधी ओळखीने पाहिलंच नव्हतं. ती आत आली, पदर खोचला आणि दहा मिनिटांत मला तीन गोष्टी शिकवल्या. पावसाळ्यात वाफा सपाट नको, वीतभर उंच हवा, म्हणजे गादीवाफा. झेंडूच्या दोन रोपांत हातभर अंतर हवं. आणि रोप जरा मोठं झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूने फुटवे येऊन फुलं जास्त धरतात. शेंडा खुडताना माझा जीव वरखाली होत होता. तिचा होत नव्हता.

आता इतिहास शिकवणाऱ्या माणसाची खोड. त्या रात्री पावसाने वीज गेली. अंधारात पडल्या पडल्या मनात आलं, की मी ज्याला तण म्हणून फेकलं ते कोण आणि ज्यांना विकत आणून विटांच्या कुंपणात बसवलं ते कोण? दुसऱ्या दिवसापासून पुस्तकं काढून बसलो. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला मान झेंडूचा. दसरा झेंडूशिवाय नाही, लक्ष्मीपूजन नाही, नव्या गाडीला हार नाही. आमच्या सीमेपलीकडे गुजरातेत त्याला गलगोटा म्हणतात, खाली कोकणात गोंडा. एवढा घरचा वाटणारा हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या लोकांच्या जुन्या भाषेतून आलेलं त्याचं नाव सेम्पासुचिल, म्हणजे वीस फुलं, वीस म्हणजे पुष्कळ या अर्थाने. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला मेक्सिकोत लोक आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात. तेव्हा थडग्यापासून घरापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात, रंगावरून नि वासावरून त्या माणसांना घरची वाट सापडावी म्हणून. आपण तोच झेंडू दारावर बांधून लक्ष्मीला वाट दाखवतो. इंग्रजांची गंमत तर पुढचीच. त्यांनी या मेक्सिकन फुलाला ‘आफ्रिकन मेरीगोल्ड’ असं नाव ठेवलं!

कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली. मेक्सिकोची राजधानी स्पॅनिश लोकांच्या हाती पडली १५२१ साली. आणि इकडे पोर्तुगिजांना वसई मिळाली १५३४ साली, दमण १५५९ साली. तारखा मी आयुष्यभर मुलांकडून घोकून घेतल्या, पण या चार तारखा एका ओळीत मांडून कधी पाहिल्या नव्हत्या. आमच्या एका बाजूला वसई, दुसऱ्या बाजूला दमण आणि मध्ये डहाणूचा किल्ला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ साली डहाणू, तारापूर, वसई मराठ्यांकडे आली, त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं हा किनारा पोर्तुगिजांचा. झेंडू त्यांच्याच जहाजांतून हिंदुस्थानात आला असं अभ्यासक मानतात. मिरची, काजू, अननस, पेरू यांच्याबरोबरचाच हा पाहुणा. जहाजं गेली, किल्ले पडले, झेंडू राहिला.

मग एकेकाची जातकुळी पाहत गेलो आणि थक्क झालो. गुलबक्षी अमेरिकेकडची, युरोपात तिला ‘पेरूचं नवल’ म्हणत. आपल्याकडे मात्र तिला फारशी वळणाचं नाव मिळालं. निशिगंध, इतकं गोड संस्कृत नाव, तोही मेक्सिकोचा. कर्दळ अमेरिकेच्या उष्ण भागातली. देवळापुढचा पांढरा चाफा मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांकडचा. सदाफुली मादागास्कर बेटावरची. (या सदाफुलीला मी फार हलकं समजत होतो. १९५८ साली कॅनडातल्या नोबल आणि बीअर या दोन शास्त्रज्ञांनी तिच्यातून कर्करोगावर चालणारं औषध वेगळं काढलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर तिच्यातलंच दुसरं एक औषध आजही वापरतात. तेव्हापासून सकाळी तिच्यासमोर चूळ भरत नाही.)

म्हणजे काय झालं पाहा. माझ्या बारा फुटी वाफ्यात जे जे मी ‘आपलं’ म्हणून लावलं होतं, ते झाडून सगळं परदेशी. आणि परकं समजून जे उपटलं, तो तेरडा तेवढा इथला! तेरडा याच देशातला. पहिल्या पावसाबरोबर बांधावर, कुंपणाशी, डोंगराच्या उतारावर आपोआप उगवतो. न कुणी पेरतं, न कुणी पाणी घालतं. एवढंच नाही, झेंडू इकडे आला त्याच काळात तेरडा तिकडे गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या बागांत तो हौसेने लावत होते. पुढे लिनियसने त्याच्या कुळाला नाव दिलं ‘इम्पेशियन्स’, म्हणजे अधीर. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते फट्‌कन फुटतं आणि बी उडतं, म्हणून अधीर. हा खेळ आमच्या वर्गातली प्रत्येक पोर खेळलेली होती, फक्त तिला कुणी लॅटिन नाव विचारलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, की मग झेंडू परका म्हणून उपटून टाकायचा का? छे! तसं म्हटलं तर आमचं डहाणूच उठून जाईल. ज्या चिकूवर हा तालुका ओळखला जातो, ज्या ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो चिकूही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचाच. इथे त्याच्या बागा उभ्या केल्या त्या इराणी आणि पारशी बागायतदारांनी, तेही दुरून आलेले. आणि मी तरी कुठे इथला? १९७३ साली मास्तर म्हणून या तालुक्यात आलो तेव्हा हा ठाणे जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा झाला. जिल्हा बदलला तरी मी हललो नाही. मलाही रुजायला वेळ मिळाला, मातीने जागा दिली. झेंडूला नाकारणारा मी कोण?

पण एक प्रश्न उरतोच. झाड जहाजातून आलं खरं, पण रुजवलं कुणी? जहाजाचा कप्तान काही कुदळ घेऊन वाफा खणत नव्हता.

पुस्तकांत पाहिलं तर नावं सापडतात ती लिहिणाऱ्यांची. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला. मुंबई बेटही त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३ साली त्याने गोव्यात ग्रंथ छापला, त्यात आपल्या पारिजातकावर एक अख्खं प्रकरण आहे. झाडाला त्याने नाव दिलं ‘दुःखी वृक्ष’. पुढे मलबारात डच गव्हर्नर व्हान ऱ्हेड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ करवून घेतला, १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापलेले बारा खंड. त्यात इट्टी अच्युतन या वैद्याचं नाव आहे आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेलं आहे. पण झाडांवर चढून फांद्या कोणी आणल्या, त्यांची नावं नाहीत.

अगदी आपल्या पुण्याजवळची गोष्ट घ्या. दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं, इंग्रज त्याला दापुरी म्हणत. १८३८ पासून त्याचा प्रमुख होता डॉ. अलेक्झांडर गिब्सन. त्याने १८४७ ते १८५० च्या सुमारास तिथल्या झाडाफुलांची सुंदर चित्रं एका चित्रकाराकडून काढून घेतली. ती चित्रं आज एडिंबरोच्या बागेत जपून ठेवली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता एवढं कळतं, त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. चित्रकाराची ही गत, तर रोज पाणी घालणाऱ्या माळ्याचं काय विचारता!

हाच गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. फुलबाग सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती आमची जंगलं आली. त्याने वाईट केलं असं म्हणत नाही. जंगलतोडीने पाऊस-पाणी आटेल ही काळजी त्या काळात मांडणाऱ्यांत तो होता. पण जंगल सरकारी झालं आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला फांदी तोडायलाही परवानगी लागू लागली, तो रस्ता तिथून सुरू होतो.

याचा माझ्या वाफ्याशी संबंध आहे, सांगतो. ऑगस्टमध्ये तण पुन्हा माजलं तेव्हा बाई म्हणाली, “गुरुजी, पुढल्या साली पावसाच्या आधी इथे राब भाजा.” राब म्हणजे काय हे आमच्या पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी लिहितो. भाताचं बी टाकायच्या तुकड्यावर उन्हाळ्यात फांद्या, पाला, गवत, शेण असे थर पसरतात, वर माती लावतात आणि जाळतात. तणाचं बी मरतं, राख मिळते, रोपं जोमाने येतात. या राबासाठी फांद्या तोडायच्या की नाही, यावरून एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्यात केवढं रण माजलं होतं! जंगल खात्याचं म्हणणं, हा झाडांचा नाश आहे. शेतकऱ्यांचं म्हणणं, राबाशिवाय भात नाही. शेवटी १८८५ साली ठाणे-कुलाब्याच्या जंगलांबाबतच्या तक्रारींसाठी सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. इंग्रज साहेब ज्यावर खल करत बसले, ते शेजारच्या बाईने मला कुंपणावर हात टेकून अर्ध्या मिनिटात सांगितलं.

मी विचारलं, “अगं, पण राबात तेरड्याचं बीही मरेल ना?”

“मग तेरडा कडेला राहू द्या ना. त्याला वाफा कशाला लागतो?”

वाफा कशाला लागतो! मी त्या शब्दापाशी अडलो. खरंच, अंगणात फुलांचा वाफा ही कल्पना आली कुठून? आमच्या जुन्या घरांत फुलझाडं असायची ती परसात, विहिरीच्या ओलीवर, पूजेपुरती. पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन. बाकी अंगण मोकळं, शेणाने सारवलेलं. भात वाळवायला, वाल झोडायला, मांडव घालायला. इथल्या वारली घरांतही अंगण असंच कामाचं. मोजून आखलेला, विटांनी बांधलेला, नुसता बघायचा वाफा आमच्याकडे रुळला तो साहेबाच्या बंगल्याबरोबर, छावणीबरोबर आणि सरकारी बागांबरोबर. मुंबईची राणीची बाग १८६२ साली लोकांना खुली झाली. मग स्टेशनं, कचेऱ्या, डाकबंगले, आणि शेवटी आमच्या शाळा. तिरक्या विटा, गेरू आणि चुना हे माझ्या डोक्यातलं चित्र शाळेतून आलेलं होतं.

आणि इथे मला ते लिहायचं आहे, जे लिहायचं म्हणून गेले पंधरा दिवस टाळतोय.

सप्टेंबरात एका संध्याकाळी मी झारीने पाणी घालत होतो. पावसाने ओढ दिली होती. बाई बांधावरून म्हणाली, “गुरुजी, आता तुम्ही पाणी घालता. तेव्हा आम्ही घालायचो.”

मला आधी कळलंच नाही. ती हसत हसत सांगत होती. ती सातवीत होती, म्हणजे १९८०च्या आसपास. शाळेपुढे आमची बाग होती. कार्यानुभवाच्या तासाला आणि शनिवारी मुलांनी आळी करायची, मुलींनी विहिरीवरून हंडे आणायचे. मार्च-एप्रिलात विहिरीचं पाणी तळाला जायचं तरी हंडे चालूच. मी सावलीत उभा राहून कोणत्या झाडाला किती ते सांगायचो. तपासणीला साहेब आले की बाग पाहून खूश व्हायचे, शेरेबुकात चांगला शेरा मिळायचा. तो शेरा मी घरी येऊन सांगायचो.

“पण फूल तोडायचं नव्हतं,” ती म्हणाली. “एकदा मी एक गोंडा केसांत घातला होता. तुम्ही छडी मारली होती हातावर.”

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. जुनी गंमत म्हणून सांगितलं. मला आठवत नव्हतं. याचंच जास्त वाईट वाटलं. झारी तशीच हातात राहिली.

मंडळी, मी ज्या वर्गात तिला शिकवलं त्याच वर्गांत मी वेठबिगारही शिकवली आहे. ‘मोबदला न देता सक्तीने करून घेतलेलं काम म्हणजे वेठ.’ दोन गुणांचा प्रश्न. या भागात ती पुस्तकातली गोष्ट नव्हती. जमीनदाराच्या शेतावर आणि घरी फुकट राबायचं, लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायकोने लग्नगडी म्हणून बांधून घ्यायचं, हे या मुलांच्या आजा-आजींनी भोगलं होतं. २३ मे १९४५ रोजी इथून जवळच्या, आताच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं त्यांनी ठरवलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसं गेली, त्यात जेठ्या गांगड होते. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं लिहिलं. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझ्याकडे त्याची प्रत आहे. मुलांना मी त्यातलं सांगतही असे. आणि तास संपला की त्याच मुलांना हंडे घेऊन विहिरीवर पाठवत असे.

शाळेची बाग म्हणजे वेठ नव्हे, हे मलाही कळतं. शिक्षणात हातांना काम हवं, हे गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला मांडलं, १९६४–६६च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव म्हणून पुन्हा सांगितलं. विचार चुकीचा नव्हता. पण त्या विचारात शिक्षकाचे हातही मातीत असायला हवे होते, आणि पाणी घालणाऱ्या पोरीला फूल मिळायला हवं होतं. या दोन गोष्टी काढून टाकल्या की श्रमदान आणि वेठ यांच्यात जो फरक उरतो, तो सावलीत उभ्या असलेल्या मास्तरालाच दिसतो. हंडा उचलणाऱ्या मुलीला दिसत नसावा.

आणि हे वेगळं करता येत नव्हतं असं नाही. याच तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ते करून दाखवलेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ साली ते कोसबाडला आलं. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात न्या, असं त्यांनी केलं. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हीच शिकायची साधनं. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. झेंडू मेक्सिकोहून इथे आला, तसा हा शब्द इथून सगळीकडे पोचला. कोसबाड माझ्या शाळेपासून फार लांब नव्हतं. अंगणातली मुलं त्या दोघींनी जशी पाहिली, तशी मला पाहता आली नाहीत. मला तिथे फक्त विटांची ओळ सरळ आहे की नाही ते दिसत होतं.

असो. त्या संध्याकाळी मी बाईला म्हटलं, “चुकलं माझं.” तिला ते फार झालं असावं. “जाऊ द्या हो गुरुजी, मास्तर मारायचेच तेव्हा,” म्हणाली आणि विषय बदलून मला सांगू लागली की झेंडूची सुकलेली फुलं टाकू नका, त्यातलंच बी पुढल्या वर्षी चालतं.

तर सध्याची परिस्थिती अशी आहे. वाफ्याच्या विटा मी काढल्या. गेरू-चुन्यासह त्या आता विहिरीच्या कट्ट्याशी रचून ठेवल्या आहेत. वाफा वीतभर उंच केला, अर्धा ठेवला आणि अर्धं अंगण मोकळं केलं. दोन महिने रोज पाणी मीच घातलं, एकदाही कुणाला सांगितलं नाही. कंबर दुखते. सून रागावते. कुजण्यातून वाचलेल्या अकरा रोपांना दसऱ्याला चांगली फुलं आली. मोजून त्र्याण्णव. आंब्याचा टहाळा, भाताच्या लोंब्या आणि गोंडे असं तोरण दाराला बांधलं. उरलेली फुलं परडीत भरून पाड्यावर नेऊन दिली. बाईच्या नातीने लगेच एक कानामागे खोवलं. आजीने माझ्याकडे पाहिलं, मी आजीकडे. दोघंही काही बोललो नाही.

काल ती नात धावत आली आणि माझ्या हातात एक काडेपेटी ठेवून गेली. उघडली तर आत तेरड्याचं बारीक, काळपट बी. जुलैत मी जो तेरडा उपटून फेकला होता, त्यातली काही रोपं कुंपणापलीकडे पडल्या जागीच पुन्हा रुजली होती म्हणे. त्यांचीच ही बोंडं.

काडेपेटीवर मी तारीख घातली आहे आणि ती देवघराच्या खणात ठेवली आहे. राब वैशाखात भाजेन, वाफ्यापुरता. तेरडा कुंपणाच्या कडेने, वाफ्याबाहेर. पुढच्या गौरींना ज्यांना इकडे यायचं असेल त्यांनी जरूर या, फुलं मिळतील. आणि वहिनी, तुमची गुलबक्षी छान आली आहे, रोज चारच्या पुढे फुलते. एक मळकट गुलाबी, एक पिवळी आणि एकीवर दोन्हींचे शिंतोडे आहेत. बी धरलं की पाठवतो.